नळकाकांनी केलेली लाइन

घर विकायला निघालं की माणसं ते चांगलं दिसावं म्हणून धडपडतात. काकूंचं सगळं उलटं चाललं होतं. सकाळीच त्यांनी दोन चादरी भिजवून बाहेरच्या खोलीच्या भिंतीला चिकटवल्या होत्या, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आत त्या काढल्या की भिंतीला ओल आल्यासारखं दिसावं. वरच्या मजल्यावरची नर्स ड्यूटीवरून आल्या आल्या न झोपता खुर्च्या ओढायला तयार होऊन बसली होती. समोरच्या आजींचा एक शब्द काकूंना आजवर कळलेला नव्हता, पण त्यांनीही आपणहून एक करपलेलं भांडं जिन्यात आणून ठेवलं आणि नाकाला पदर लावून डोळे मिचकावले.

घर भाड्याचं. मूळ मालक वारले, मुलगा परदेशात असतो, आता घर विकण्यापुरता आलेला. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "काकू, मी इथे आहे तोवर विकलं गेलं तर गेलं. नाहीतर राहा तुम्हीच. मला पुन्हा पुन्हा यायला जमायचं नाही." आधीची दोन गिऱ्हाइकं भिंत बघूनच पळाली होती. आज शेवटचं यायचं होतं, आणि मालकाचा मुलगा परवा निघणार होता.

काकूंना या चार भिंतींचा काही सोस नव्हता. शिलाईचं मशीन कुठेही चालतं. प्रश्न होता बबीचा. बबी त्यांची लेक. वयाने तिशीला टेकलेली, समजेने सहा-सात वर्षांची. आधी राहायचे तिथे ती एकदा कुणाच्या दारात नुसती उभी राहिली, तर त्यांनी पोलीस बोलावले. त्यानंतर कित्येक वर्षं बबीने जग बघितलं ते खिडकीच्या गजांतून.

या गल्लीत दर दाराआड वेगळी भाषा. भांडणंसुद्धा निम्मी हातवाऱ्यांनी व्हायची. त्यामुळे कुणी नीट बोललं नाही तर इथे कुणाला काही वाटायचं नाही. बबी हात पुढे करायची आणि पाववाला त्यावर पाव ठेवायचा. त्याला काकूंची भाषा येत नव्हती, पण बबीची येत होती. न्हावी तिला आरशासमोर बसवून तोंडं वेडावू द्यायचा. कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारा दाढीवाला ती दिसली की हातातलं चाक टाकून रस्त्यात उभा राहायचा, गाड्या थांबवायचा, आणि बबी महाराणीसारखी पलीकडे जायची. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं बघून बघून गल्लीने बबी पाठ केली होती. असं दुसरीकडे कुठे आणि कधी जमणार?

म्हणून हा सगळा खटाटोप. त्यातलं सर्वांत अवघड काम मात्र काकूंच्या नवऱ्याकडे होतं. त्यांना गल्ली नळकाका म्हणायची, कारण जन्मभर त्यांनी प्लंबिंग केलं. या इमारतीतला एकूणएक पाइप त्यांच्या हातचा. गुडघ्यांनी दगा दिल्यावर काम सुटलं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. स्वयंपाकघरातला नळ ढिला करून ठेवायचा, एवढंच काकूंनी सांगितलं होतं. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी तो ढिला केला आणि मग दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

"आज शेवटचंच," काकू म्हणाल्या. "खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. बबीची शपथ आहे तुम्हाला."

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" काका म्हणाले.

नसावेत. पण बाळ परवडलं असतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं होतं, दोघंही सालस. जिन्यातल्या वासाने बाईने रुमाल काढला. वर खुर्च्या खडखडू लागल्या. भिंत बघून नवऱ्याचा चेहरा पडला. त्यांच्याबरोबर एक ठेकेदार होता. त्याने टपटपणारा नळ हलवला, पाइपावर टिचकी मारली आणि मान हलवली.

"ही लाइन कुणातरी शिकाऊ पोराने टाकलीय. याला कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळं उखडावं लागणार."

"मग राहू दे," बाई नवऱ्याला म्हणाली. "चल, निघू या."

काकू देव पाण्यात घालून दाराशी उभ्या होत्या. त्यांनी दार उघडलंसुद्धा. जोडप्यातल्या नवऱ्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता, आणि मागून खुर्ची करकरली.

"कुणाला कळत नव्हतं?" काका उठले होते.

"अहो, बसा," काकू म्हणाल्या. "यांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं हो. चला, मी खाली सोडते तुम्हाला."

पण काकांना आता ब्रह्मदेवाचंही ऐकू आलं नसतं. त्यांनी खिशातून पाना काढला. पाना खिशात कशाला होता, हे काकूंनी आधीच विचारायला हवं होतं. दोन वेढे दिले आणि नळ गप्प झाला. मग ते भिंतीकडे गेले आणि तळव्याने भिंत पुसली.

"ही ओल आहे? ओल आतून येते, बुरा धरते. हे चादरीचं पाणी आहे. हुंगून बघा, साबणाचा वास येईल." त्यांनी एकामागून एक घरातले सगळे नळ सोडले. "ऐका आता. भिंतीतून आवाज येतोय? आला तर माझं नाव बदला. ही लाइन मी टाकलीय. तुमच्या मुलांची मुलं हे पाणी पितील."

काकू दाराची कडी धरून उभ्या होत्या. त्यांना ओरडावंसं वाटलं, नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. पण इतक्या वर्षांत ते असे ताठ उभे राहिलेले त्यांनी बघितले नव्हते. आणि तिरकी शिवण घातलेला झगा कुणी त्यांच्या नावावर खपवला असता, तर त्या तरी गप्प बसल्या असत्या का? घर जात होतं आणि त्यांना नवऱ्याचा रागसुद्धा धड येत नव्हता.

बाईने परत आत येऊन नळाखाली हात धरला. "किती छान जोर आहे पाण्याला," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्या आईंना सारखं पाणी भरून ठेवावं लागतं, तेवढं तरी सुटेल त्यांचं." मग काकांकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून. नाहीतर आम्ही निघालोच होतो."

काका हसले. पोरीने कौतुक केल्यावर बाप हसतो तसे हसले, आणि मग त्यांची नजर काकूंवर गेली. पाना त्यांच्या हातातच राहिला.

संध्याकाळी मालकाच्या मुलाचा फोन आला. व्यवहार ठरला. नवे लोक स्वतःच राहायला येणार होते. नर्स खाली आली, काकूंचा हात हातात घेऊन नुसती बसली आणि उठून गेली. समोरच्या आजींनी भांडं नेलं, पण दार काही लावून घेतलं नाही.

"मीच घालवलं गं," काका म्हणाले. "मला शिव्या तरी दे."

"देऊन काय होणार आहे?"

तेवढ्यात बबीने चपला घातल्या. ही तिची पाव आणायची वेळ. ती आईपुढे हात करून उभी राहिली, काकूंनी पैसे दिले आणि ती निघाली.

"बोलव तिला," काका म्हणाले. "आता एकटं जायची सवय मोडायला हवी. नंतर फार जड जाईल तिला."

काकू खिडकीशी गेल्या. खाली दाढीवाल्याने चाक टाकलं होतं, गाड्या थांबल्या होत्या. बबी मधोमध थांबून त्याला काहीतरी सांगत होती. मागची गाडी भोंगा वाजवत होती आणि तो हात वर करून तिचं बोलणं संपायची वाट बघत होता.

"नको," काकू म्हणाल्या. "आज लवकर ये असंसुद्धा मी सांगितलेलं नाही तिला. होऊ दे उशीर."