दोरीने बांधलेला मजकूर

ओरिन पेकच्या हातात टाक दिला की त्याचं डोकंच चालत नसे. व्हरमाँटच्या डोंगरातल्या त्या गावचं साप्ताहिक तो ऐन तारुण्यापासून काढत होता, पण अग्रलेखसुद्धा त्याने कधी कागदावर लिहिला नाही. छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणांपुढे उभा राहून तो मजकूर थेट शिशात जुळवत असे. टोप्यांचं दुकान चालवणाऱ्या विधवा थर्झा लूमिसला लग्नाचं विचारायचं ठरलं, तेव्हा त्याने तेही खिळ्यांतच जुळवलं. एकच प्रत काढायची, तिच्या हातात द्यायची आणि खिळे पुन्हा खणांत टाकायचे, असा साधा बेत होता.

घोटाळा झाला तो सवयीने. मजकूर विस्कटू नये म्हणून त्याने भोवती दोरी बांधली आणि तो जेवायला गेला. दोरी बांधलेला मजकूर म्हणजे छापायला तयार, हे छापखान्यात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. त्याचा म्हातारा भागीदार असाहेल शेवटचं पान लावत होता आणि एक रकाना थोडा कमी पडत होता. हा तुकडा मापाचा दिसला, त्याने बसवून टाकला. वाचण्याची तसदी कोण घेतो!

गुरुवारी सगळ्या गावाने वाचलं: 'थर्झाबाई, तुमच्याशिवाय रविवार फार लांबतो. माझ्याशी लग्न कराल का? ओ. पेक.'

"मला वाटलं, कुणाची तरी डुकरं विकायची असतील," असाहेल म्हणाला.

ओरिनला रडावं की हसावं कळेना. स्वतःच्या फजितीचं त्याला फारसं काही नव्हतं. पण भर गावात जिचं हसं झालं, ती बाई आता हो कशाला म्हणेल, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला.

दुपारी ती अंक घेऊन आलीच. सकाळपासून एकाही गिऱ्हाइकाने टोपी म्हणून पाहिली नाही, म्हणाली. ओरिनने मान खाली घालून कबूल केलं, की पुढच्या अंकात चूक झाल्याचं छापतो.

"चूक? म्हणजे हे खोटं आहे?"

"नाही हो. शब्दन् शब्द खरा आहे."

"मग दुरुस्ती कसली छापताय?" ती कागदाच्या गठ्ठ्यावर ऐसपैस बसली. "प्रश्न गावाने वाचलाय. उत्तर वाचलं नाही तर लोक माझं डोकं खातील. मी सांगते, तुम्ही जुळवा. त्याच जागी."

ओरिनला आयुष्यात पहिल्यांदाच अक्षरं सापडेनात.

"घ्या," थर्झा म्हणाली. "'हो. मात्र रविवारी जेवायला येताना हाताची शाई धुऊन यावं.'"

त्याने ते जुळवलं, आणि या वेळी मुद्दाम, गच्च गाठ मारून भोवती दोरी बांधली.