डोळे असलेलं पान

मोहफुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळून टाकायचा, म्हणजे फुलं साफ जमिनीवर पडतात आणि वेचायला सोपी जातात. सिहोऱ्याकडच्या रानात सगळेच असं करतात. रितानेही काडेपेटी काढली, तर तिची सासू मनकर्णाबाई आडवी आली.

"थांब वो. इथं बेडूक रायते, पानासारखा. मी अन् तुह्या सासऱ्यानं पायला होता."

"आई, सपनात पायला असन तुमी."

रिता थट्टेनेच बोलली, पण म्हातारीच्या काळजात चर्र झालं. अलीकडे घडलेलं कोणतं आणि स्वप्नातलं कोणतं, हेच तिला उमगेनासं झालं होतं. कालच ती विकून टाकलेल्या गाईसाठी गोठ्यात चारा घेऊन गेली होती. नवरा देवाजी असते तर त्यांना विचारलं असतं. ते गेले, आता साक्षीला कोण? बेडूक मनातलाच निघाला, तर उरलेल्या संसाराच्या आठवणींवर तरी भरवसा कसा ठेवायचा?

बोडीच्या, म्हणजे रानातल्या लहान तळ्याच्या, पाझराने जिथे पाचोळा ओलसर राहतो, तिथे तिने फतकल मारली. फांद्यांतून ऊन झिरपत होतं. पिवळी, तांबूस, तपकिरी पानं बघता बघता एकमेकांत विरघळली. सगळा पाचोळाच हळूहळू श्वास घेतोय असं तिला वाटू लागलं. तिला झोप येत होती आणि भीतीही वाटत होती. रिता कंटाळली होती, पण तिने काडी ओढली नाही, एवढं बरं.

मग एका पानाने डोळे मिटले.

अंगठ्याएवढा बेडूक! पाठ वाळक्या पानाच्या रंगाची, मधोमध शिरेसारखी फिकट रेघ, डोळ्यामागून खांद्यापर्यंत काळा पट्टा. सगळ्या रानाचा सातबारा आपल्याच नावावर असल्याच्या रुबाबात तो बसला होता.

"रिता, तुले दिसते का?" तिने बोट दाखवलं.

रिता वाकली. एकेक पान न्याहाळू लागली. मनकर्णाबाईने पदर घट्ट धरला.

"अवो माय! हाये न!"

म्हातारीला रडू आवरेना. "मले तं हाताएवढा आठवे."

"तेवढं चुकलं तुमचं. बाकी खरं हाये."

रिताने काडेपेटी कमरेला खोचली, पळसाची एक डहाळी मोडली आणि बेडकाला वळसा घालून हलक्या हाताने पाचोळा लोटू लागली.

"आई, अजून काय काय पायलं तुमी इथं? सांगत राहा. तुमी विसरान, तवा मी सांगीन तुमाले."