लाल बटण आणि बाबांचं बोट

कुठलीही वस्तू पीं पीं करायला लागली की बाबांचं बोट शिवशिवायचं. जन्मभर ॲम्ब्युलन्स चालवलेला माणूस. गाडीत काही वाजलं म्हणजे मागे कुणाच्या तरी जिवावर बेतलंय, हे हाडीमाशी भिनलेलं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. फ्रीज वाजला, कर बंद. वॉशिंग मशीन वाजलं, कर बंद, मग आतले कपडे साबणात बसेनात का. लेक चिमी म्हणायची, आपल्या घरात आवाज करायची परवानगी फक्त आईला आहे. आता आईही नव्हती, त्यामुळे घर अगदीच गप्प झालं होतं.

त्या चिमीचं आज सिझर होतं. खरं तर पुढच्या आठवड्यात ठरलेलं, म्हणून जावई बाबांना न्यायला निवांत आला होता. पण सकाळीच तिचा फोन आला. डॉक्टर थांबायला तयार नव्हते, संध्याकाळीच करायचं म्हणत होते. "सासूबाई आहेत जवळ," ती म्हणाली, "पण आत नेण्याआधी मला तुम्ही दोघं दिसायला हवेत. बाबा, तुम्ही तर हवेतच. मला भीती वाटतेय." लहानपणी सायकलवरून पडून हात मोडला तरी हूं की चूं न केलेली ही पोर. बाबांच्या काळजात चर्र झालं. ती जन्मली तेव्हा ते दुसऱ्याच कुणाची अडलेली बायको दवाखान्यात पोचवत होते, आणि स्वतःच्या लेकीचं तोंड त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं होतं. ते त्यांना आयुष्यभर सलत आलं होतं. या खेपेला उशीर करायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

जावयाची गाडी विजेवरची. वाटेतला पहिला चार्जर मोबाइलवर 'चालू' दिसत होता. जाऊन बघतात तर पडदा काळाठिक्कर, आणि वर कबूतर बसलेलं.

"आमच्या वेळी डिझेल संपलं तर कॅन घेऊन पळता यायचं," बाबा म्हणाले. "आता वीज काय ओंजळीतून आणायची?"

जावई मुळातच मोजकं बोलणारा. त्यानं एसी बंद केला आणि गाडी इतकी हळू घेतली की मागून येणारे ट्रकसुद्धा हॉर्न मारून पुढे जायला लागले. बॅटरीचा आकडा लाल झाला. बाबांना राहवेना. "मी इथे उतरतो. तेवढंच वजन कमी होईल. तुम्ही व्हा पुढे."

"बसा हो, बाबा."

दुसरा चार्जर एका हॉटेलच्या मागे होता आणि देवाच्या दयेनं चालू होता. वायर लावली, आकडा सरकायला लागला, तसा जावई चहा आणायला गेला. बाबा मशीनजवळ उभे राहिले. आणि मशीन वाजलं. बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. पुन्हा वाजलं. समोर चांगलं लिंबाएवढं लाल बटण. बोटानं काही डोक्याला विचारलं नाही.

आवाज थांबला. बाबांना बरं वाटलं. मग पडद्यावरचा उजेडही गेला, आणि चढणारा आकडा थांबला.

चहा घेऊन आलेल्या जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे एक मुलगी होती. "सर, तिथलं लाल बटण दाबलं गेलंय असं दिसतंय. कुणी धूर किंवा ठिणगी बघून दाबलं असेल, तर तपासल्याशिवाय मी चालू करू शकत नाही. माणूस पाठवते, पण त्याला यायला संध्याकाळ होईल."

"अहो, इथे आमच्याशिवाय कुणीच नाही," जावई म्हणाला. "कुणी दाबलेलं नाही. आपोआपच बंद पडलंय."

गप्प बसणं सोपं होतं. या चार्जरांचं नाव आज आधीच बद्दू झालेलं, त्यात आणखी एक पाप खपून गेलं असतं. शिवाय याच जावयाबद्दल लग्नाआधी बाबा म्हणाले होते की याला स्टेपनीसुद्धा बदलता यायची नाही. आणि चिमीनं ते त्याला हसत हसत सांगितलंही होतं. पण चिमी तिकडे दाराकडे डोळे लावून पडली असेल. बाबा फोनजवळ वाकले.

"ताई, मी दाबलं."

"का, काका? धूर दिसला?"

"नाही. ते वाजत होतं."

मग ती मुलगी मऊ आवाजात म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. बटण उजवीकडे फिरवा, बाहेर येईल. मी इथून चालू करते."

मशीन चालू झालं आणि पुन्हा वाजलं. बाबांनी चहाचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरला. जावई पुढच्या रस्त्यावर चकार शब्द बोलला नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं बाबांना वाटत राहिलं.

ते पोचले तेव्हा चिमीचं स्ट्रेचर ऑपरेशनच्या दारापाशी आणलेलं होतं. तिचे ओठ सुकले होते. "किती उशीर," ती एवढंच म्हणाली.

"चार्जर बंद पडला," जावई पटकन म्हणाला. "त्या मशीनचा भरवसाच नाही."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. हा पोरगा आपल्याला पाठीशी घालतोय, हे त्यांना कळलं. त्यांनी चिमीच्या केसांवरून हात फिरवला. "पडला नाही, बाळा. मी पाडला. वाजत होता."

चिमी बघतच राहिली, आणि मग पोट धरून हसायला लागली. नर्स म्हणाली, अहो, हसू नका, हलू नका. पण ती हसत हसतच आत गेली, भीती दाराबाहेर टाकून.

दार लागलं. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. टीं. टीं. टीं. बाबांचा हात आपोआप उचलला गेला. जावयानं तो हात अलगद आपल्या हातात घेतला.

"हे वाजू द्या, बाबा," तो म्हणाला.

त्याचा हात थंडगार पडला होता. बाबांनी आपला दुसरा हातही त्यावर ठेवला, आणि ते वाजणं ऐकत दोघं तिथेच उभे राहिले.