दहा फूट लिहिलेली रिंग

मी एक जुनी लोखंडी रिंग आहे. बास्केटबॉलची. मंडळाच्या मागच्या खोलीत, मांडवाच्या बांबूंशेजारी, भिंतीला टेकून पडले आहे. माझी जाळी कधीच गेली. गळ्यात तेवढी एक मोजायची टेप अडकवलेली आहे, चामड्याच्या गोल डबीतली. ती माझी नाही. ती कुणाची आणि माझ्या गळ्यात कशी आली, एवढंच मित्रांनो, मला सांगायचं आहे. बोलायला हवं होतं तेव्हा मला तोंड नव्हतं. आता बोलून कुणाचं काही भलं व्हायचं नाही, तरी सांगते.

माझा जन्म रायपूरजवळच्या सिलतराच्या एका वेल्डिंगच्या शेडमधला. राज्य नवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि जिकडे पाहावं तिकडे रस्ते उकरलेले होते. बाबाराव नावाच्या वेल्डरनं एक सळई तापवून जुन्या चाकाभोवती वाकवली आणि माझी दोन टोकं जोडली. मग घासून घासून सांधा असा बसवला, की बोट फिरवलं तरी लागू नये. शेजारचा कारागीर हसला, तेव्हा बाबाराव म्हणाला, "गोल नीट नाही झाला तं लेकराचा बॉल अडकन." त्याच्या हातचं ते माप शेवटपर्यंत खरं राहिलं. खोटं झालं ते दुसरंच.

मला नेलं नीलकंठ देवघरे यांनी. विदर्भातून नोकरीसाठी येऊन इथलेच झालेले, सरकारी खात्यात रस्त्यांची मापं घेणारे. पाऱ्यातल्या, म्हणजे इथल्या मोहल्ल्यातल्या, मराठी मंडळाचे सचिवही तेच. मंडळाच्या मैदानात त्यांनी खांब रोवला, त्यावर लाकडी बोर्ड आणि बोर्डावर मी. जमिनीपासून माझ्यापर्यंत त्यांनी तीनदा टेप लावली. बरोबर दहा फूट. खांबाच्या पायथ्याशी त्यांनी पांढरी रेघ ओढली आणि लिहिलं, 'जमीन'. तिथून वर तांबड्या ऑइलपेंटनं एकेका फुटाची खूण आणि मधे इंचांच्या बारीक रेघा केल्या, आणि बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, '१० फूट'. सगळं मैदान त्या अक्षरांवर खूश होतं.

त्यांची मुलगी पद्मिनी तेव्हा सात वर्षांची होती. पहिला बॉल माझ्यापर्यंत पोचायला तिला चार महिने लागले. तिची आई रूपालीताई मैदानाच्या कडेच्या कट्ट्यावर भाजी निवडत बसायच्या. हात भाजीत, डोळे पोरीवर. पोरगी पडली की त्या अर्ध्या उठायच्या, ती उठली की परत बसायच्या. संध्याकाळभर हेच.

आता मित्रांनो, मंडळाची एक रीत ऐका. दरवर्षी गणपतीच्या आधी मैदानात चिखल होऊ नये म्हणून मुरमाचा ट्रक यायचा. मुरूम पसरायचा, वर पाणी मारून रोलर फिरवायचा, त्यावर मांडव उभा राहायचा. विसर्जनानंतर मांडव निघायचा, बांबू आत जायचे. मुरूम कोण काढणार? तो तिथंच दबायचा. ट्रक मागवायचं काम सचिवांचं, म्हणजे नीलकंठरावांचंच.

घरचीही एक रीत होती. दसऱ्याला शस्त्रांची पूजा असते, तशी ते आपल्या टेपची पूजा करत. डबीला हळदकुंकू, वर आपट्याचं पान. त्या दिवशी टेपला आराम, ती उघडायची नाही. आणि नेमकं त्याच दिवशी ते पद्मिनीला माझ्या खांबाला टेकवून उभं करायचे आणि खांबावरच्या खुणांवरून तिची उंची वाचायचे. पोरगी दरवर्षी भरभर वाढायची. मंडळी टाळ्या वाजवायची.

मला कळत होतं का? कळत होतं. बॉल जमिनीवर पडल्याचा आवाज दरवर्षी थोडा जवळून यायचा. मुरमानं आधी पांढरी रेघ गिळली, मग 'जमीन' हा शब्द गिळला. खालच्या खुणा फावड्यांनी आणि पाण्यानं पुसट झाल्या, वरच्या मात्र ठसठशीत राहिल्या. पोरगी वाढत होती, तशी जमीनही वाढत होती. सगळ्यांना फक्त पोरगी दिसत होती.

नाही, एकीला दुसरंही दिसलं होतं. एका दसऱ्याला रूपालीताई म्हणाल्या, "पोट्टी चार बोटं वाढली म्हणता, मग फ्राक आखूड काहून नाही होऊन राहिला?"

नीलकंठराव हसले. "मी सरकारचे रस्ते मोजतो, तू फ्राक मोज."

मंडळीही हसली. रूपालीताई पण हसल्या, आणि कट्ट्यावर जाऊन बसल्या.

पद्मिनीचा खेळ मात्र खरा होता. ती गार्ड झाली. गार्ड म्हणजे बॉल पुढे नेणारी, कुणी कुठं धावायचं ते डोळ्यांनी सांगणारी. आणि लांबून असा नेमका बॉल टाकायची, की तो मला न शिवता आरपार जायचा. त्या आवाजासाठी मी दिवसभर उन्हात तापत थांबायची. रोज पहाटे दोनशे बॉल. आठ वर्षं. तिचं सगळं अंग माझ्या उंचीला पाठ झालं होतं.

पंधराव्या वर्षी राज्याच्या संघाची निवड होती. फॉर्मवर वडिलांनी उंची लिहिली, पाच फूट सात इंच. तिथं मोजली तर पाच फूट एक इंच. वडील तिथल्या लोकांशी भांडले, तुमचा उंची मोजायचा स्टँड खोटा आहे म्हणाले. पण खेळाडूंच्या वसतिगृहाचे प्रशिक्षक हरिदास सर म्हणाले, गार्डला उंचीपेक्षा नजर लागते, मुलगी मला द्या. तिची निवड झाली. तरी नीलकंठरावांच्या मनातून ते सहा इंच जाईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप घेऊन माझ्याकडे आले, सोबत रूपालीताई. त्यांनी दोनच्या खुणेपासून पाचच्या खुणेपर्यंत टेप लावली. बरोबर तीन फूट. मग स्टुलावर चढून पाचच्या खुणेपासून माझ्यापर्यंत लावली. बरोबर पाच फूट.

रूपालीताईंनी टेपचं टोक धरलं होतं. त्या म्हणाल्या, "खालून धरू का? जमिनीपासून?"

"कायले? सगळं बरोबर आहे ना. लिहूनच आहे."

आणि टेप सर्रकन डबीत गेली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात तो एकच क्षण होता, आणि तो एका वाक्यात निघून गेला. एकदा वाकून हात खाली नेला असता, तर पंधरा वर्षांच्या पोरीला नव्यानं शिकायला भरपूर दिवस होते. रूपालीताई स्टूल उचलून चालू लागल्या. मापाच्या माणसापुढे फ्रॉक मोजणाऱ्या आईनं किती बोलावं?

पद्मिनी वसतिगृहात गेली. पुढचं मला कट्ट्यावरच्या फोनमधून कळायचं. रूपालीताई फोन स्पीकरवर ठेवायच्या. तिकडच्या रिंगवर बॉल पुढच्या कडेला आदळून परत यायचा. हरिदास सर म्हणायचे, तुझा हात खाली पाहतो. मग त्यांनी तिला गुडघ्यांतून जोर काढायला शिकवलं. दोनशेचे पाचशे बॉल झाले, प्रत्येक बॉलला गुडघे जास्त वाकायचे, जास्त उसळायचे. हळूहळू बॉल आत पडायला लागले. रात्री गुडघ्यांना बर्फ बांधून झोपते, असं ती हसत सांगायची. रूपालीताई हसायच्या नाहीत.

विसाव्या वर्षी तिला रेल्वेत नोकरीचं पत्र आलं. वडिलांनी पेढे आणले. पण त्याच महिन्यात दूरच्या एका मोठ्या शहरातल्या व्यावसायिक संघानं तिला गार्ड म्हणून बोलावलं. खेळायचं, फक्त खेळायचं. रेल्वेत टेबलामागे बसून खेळ विझतो, असं तिला वाटलं. तिनं पत्र परत पाठवलं. रूपालीताईंनी आठवडाभर धड जेवण केलं नाही, पण अडवलंही नाही.

पहिलं वर्ष सोन्याचं गेलं. माझ्या खांबाला तिच्या फोटोचा फ्लेक्स बांधला, मला हार घातला. गोल बाजारातून लोक माझ्याखाली फोटो काढायला यायचे. इथूनच शिकली, म्हणायचे, हीच ती रिंग. मी हाराखाली मान घालून बसले होते.

दुसऱ्या वर्षीच्या उपांत्य सामन्याला मंडळाच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला. खिडकी उघडी होती, मलाही दिसत होतं. शेवटचे नऊ सेकंद, पद्मिनीचा संघ एका गुणानं मागे, आणि तिला दोन मोकळे थ्रो मिळाले. कुणी अडवणार नाही, फक्त ती आणि रिंग. दोन्ही पडले तर अंतिम सामना. ती सबंध वेळ खेळून थकली होती, गुडघ्यांतून जोर निघत नव्हता. आणि थकलेलं अंग, मित्रांनो, नव्यानं शिकलेलं सोडून देतं आणि लहानपणी शिकलेलं करतं. तिनं बॉल टाकला. तो हातातून सुटताक्षणी मला कळलं. तो माझ्यासाठी टाकला होता. माझ्यात पडला असता. तिकडच्या रिंगच्या कडेवर आदळून परत आला. दुसराही तसाच.

हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, ऐन वेळेला हात कापला पोट्टीचा. रूपालीताई टीव्हीकडे पाहतच नव्हत्या. त्या खिडकीतून माझ्याकडे पाहत होत्या.

तीन महिन्यांनी सरावात उडी मारून उतरताना गुडघा गेला. आत काहीतरी तुटल्याचा आवाज शेजारच्या मुलीला ऐकू गेला म्हणे. ऑपरेशन झालं. संघानं पुढच्या वर्षी बोलावलं नाही. रेल्वेत विचारलं, तर तिथं आता नव्या मुली होत्या, धावणाऱ्या. पद्मिनी घरी परत आली. सदर बाजारात एका दुकानाच्या काउंटरवर तिला बसून करायचं काम मिळालं. ती मैदानाच्या बाजूनं यायची नाही, मागच्या गल्लीतून जायची. पाऱ्यातली बायामाणसं म्हणायची, दोन बॉल टाकता आले नाहीत तिला. ती कधीच उलटून बोलली नाही, कारण तिचंही तेच म्हणणं होतं. फ्लेक्स उन्हानं पांढरा पडून फाटला, आणि त्याच्या सुतळीवर लोक कपडे वाळत घालू लागले.

गेल्या उन्हाळ्यात मैदानात फरश्या बसवायचं ठरलं. मजूर खांबाच्या बुडाशी खणत होते, नीलकंठराव देखरेखीला उभे होते. आता निवृत्त झालेले, पण टेप खिशात असायचीच. एक मजूर म्हणाला, "साहेब, नीचे कुछ लिखा है."

मातीतून पांढरी रेघ वर आली होती. खाली अर्धवट शब्द, 'जमीन'. रेघेपासून मैदानाच्या पातळीपर्यंत दहा इंच मुरूम, थरावर थर. एकेक गणपती वेगळा मोजता आला असता.

नीलकंठरावांनी वाकून थर पाहिले. मग त्यांनी चपलेनं माती लोटून ती रेघ परत झाकायला सुरुवात केली. हळूच, कुणी पाहत नाही असं बघून. पण कट्ट्यावरून पाहणारे डोळे होतेच. रूपालीताई आल्या, खाली बसल्या आणि पदरानं रेघ पुसून स्वच्छ केली.

"पद्मिनीले बोलावते," त्या म्हणाल्या.

"काहून? आता सांगून काय फायदा?"

"फायद्यासाठी नाही. तिले वाटते, तिचाच हात खोटा होता."

पद्मिनी आली, एक पाय जपून टाकत. वडिलांच्या खिशातली टेप तिनंच घेतली. या खेपेला रूपालीताईंनी टोक खालून धरलं. मैदानापासून माझ्यापर्यंत नऊ फूट दोन इंच. ती वसतिगृहात गेल्यानंतर पडलेले थर वजा केले तर साडेनऊ. तिनं आकडा दोनदा वाचला. मग इथल्या पोरांच्या सवयीनं हिंदीतच म्हणाली, "सर रोज पूछते थे, तेरा हाथ नीचे क्यों देखता है. मैं भी यही सोच-सोचकर रोती थी." आणि वडिलांकडे वळून, "बाबा, मुरूम आप ही मँगवाते थे ना?"

नीलकंठरावांनी हो म्हणून मान हलवली. ती टेप त्यांच्या हातात ठेवून मागच्या गल्लीतून घरी गेली.

मला वाटलं होतं तिचं ओझं उतरेल. उतरलं नाही. आधी चूक तिची होती, म्हणजे निदान ती तिच्या हातात होती. आता तेही उरलं नाही. रूपालीताईंनाही वाटलं होतं, खरं कळलं की पोरगी मोकळी होईल. त्या रात्री तिनं जेवायचं ताट तसंच परत केलं, असं त्या दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर शेजारणीला सांगत होत्या.

मला उतरवलं त्या दिवशी नीलकंठराव या खोलीत आले. टेप माझ्या गळ्यात अडकवली, डबीवर अजून जुनं हळदकुंकू होतं. मागे न पाहता गेले. यंदा दसऱ्याला त्यांच्या घरी पूजा झाली नाही.

बाहेर आता नवी रिंग लागली आहे. पेंटरनं तिच्या बोर्डावर लिहिलंसुद्धा, '१० फूट'. त्या बाजूच्या फरश्या राहूनच गेल्या, आणि नव्या सचिवांनी पुढच्या गणपतीसाठी मुरमाचा ट्रक सांगितला आहे, म्हणे. सकाळी खोलीच्या खिडकीतून सहा-सात वर्षांची एक मुलगी बॉल वर फेकताना दिसते. तो अजून पोचत नाही.

मित्रांनो, लिहिलेलं माप खरं असतं ते लिहिलं त्या दिवशीपुरतं. पायाखालची जमीन वाढताना कुणालाच विचारत नाही. कुणी आई म्हणाली, खालून धरू का, तर तिला धरू द्या.

उद्या भंगाराची गाडी मला सिलतराला नेणार आहे. जिथं तापून घडले, तिथंच वितळेन. मला वाचवा असं मी म्हणत नाही. पण गाडी यायच्या आधी माझ्या गळ्यातली ही टेप तेवढी कुणीतरी काढून घ्या.