ठेव आता

रोज दुपारी चार वाजता देवापुढे दिवा लावून मी बोलणं थांबवते, ते सहा वाजता पुन्हा सुरू करते. या नेमाला नऊ वर्षं झाली.

नेम माझा असला तरी सगळ्यात जास्त फायदा ह्यांचा झाला. हे शिंपी. दुकान खाली, घर वर. चाराचे ठोके पडले की मशीन थांबवून जिन्यातून ओरडतात, "तुझा भाऊ एक नंबरचा कंजूष आहे, असं माझं मत आहे. तुझं काही म्हणणं?" मी वरून नुसती बघते. "नाही ना? मग ठरलं तर!" आणि पुन्हा मशीन सुरू.

चार ते सहा ही लेकीच्या सरावाची वेळ. ती वजन उचलते, देशासाठी, पंधरा वर्षं झाली. लांबच्या सराव केंद्रात राहते आणि वर्षातून आठ दिवस घरी येते. एरवी तिच्या पलंगावर ह्यांचे कापडाचे तागे असतात. ती येणार असली की मी ते हलवते. ती गेली की दोन-चार दिवस पलंग तसाच मोकळा ठेवते, मग नाइलाजाने पुन्हा तागे येतात.

हे वेड तिला ताग्यांनीच लावलं. नऊ-दहा वर्षांची असेल. दुकानात जागा पुरत नसे म्हणून माल वर आणावा लागे. ही एकेक तागा घेऊन जिना चढायची आणि दारात आल्यावर तो दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून उभी राहायची. हात थरथरताहेत, तोंड लाल झालंय, पण मी "ठेव आता" म्हटल्याशिवाय ठेवायची नाही. कधी कधी मी मुद्दाम हातातलं काम उरकून मगच म्हणायचे. तिला तेच आवडायचं.

नऊ वर्षांपूर्वी तिची परदेशातली पहिली मोठी स्पर्धा होती. आम्ही दोघंही गेलो होतो. तिथे मला समजलं की वजन डोक्यावर गेलं म्हणजे झालं, असं नसतं. कोपर ताठ, पाय एका रेषेत, आणि पंचांचा भोंगा वाजेपर्यंत जागचं हलायचं नाही. त्याआधी बार खाली आला तर उचललेलं धरत नाहीत.

तिसऱ्या, शेवटच्या संधीला तिने एकशे आठ किलो वर घेतलं. सभागृह चिडीचूप. आम्ही दुसऱ्या रांगेत. तिचे हात थरथरताना दिसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेव आता."

मोठ्याने नाही. मला मोठ्याने बोलताच येत नाही. पण तिने ठेवलं.

भोंगा वाजलाच नव्हता. तीन लाल दिवे लागले आणि हातात आलेलं पदक गेलं.

पत्रकारांना तिने सांगितलं, कोपर दगा देऊन गेला. तिच्या प्रशिक्षकांनी, सगळे त्यांना सर म्हणतात, तिला तासभर झापलं. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. रात्री जेवताना माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "आई, जेव ना गं." बस, एवढंच. ह्यांना तर काहीच कळलं नव्हतं. वजन वर जायला लागलं की हे डोळे मिटून बसतात.

घरी आल्यावर मी मौन धरलं. ज्या वेळी तिच्या डोक्यावर भार असेल, त्या वेळी माझ्या तोंडातून शब्द जाऊ नये, एवढाच हेतू. पुन्हा एकाही स्पर्धेला गेले नाही. ती किती देश फिरली! मी मात्र निकाल कळल्यानंतर, फोनचा आवाज बंद करून तिला बघायचे. बार वर गेला की बोटाने चित्र थांबवायचे आणि तिचा चेहरा बघत बसायचे.

यंदा एके सकाळी तिचा फोन आला.

"आई, ही शेवटची. खांदा आता ऐकत नाही. आणि स्पर्धा आपल्याच देशात आहे, तेव्हा तू यायचंस."

"बाबांना पाठवते."

"बाबा डोळे मिटून बसतात. त्यांना खुर्ची कशाला वाया घालवायची?"

"अगं, मिटले तरी मला सगळं दिसतं!" हे शेजारून ओरडले.

ती हसली नाही. म्हणाली, "आई, एक विचारू? मी तेव्हा हरले म्हणून येत नाहीस ना? लाज वाटली होती ना तुला माझी?"

नऊ वर्षं मी तिच्यासाठी गप्प बसले आणि पोरीने त्या गप्प बसण्याचा हा अर्थ लावून घेतला होता.

"येते," मी म्हटलं.

स्पर्धा नेमकी चार वाजता होती. पहिल्या दोन्ही वेळा एकशे दहाचा बार तिच्या खांद्यापर्यंत आला, पण वर गेला नाही. उरली एक संधी. तीही हुकली तर तिच्या शेवटच्या स्पर्धेत तिच्या नावापुढे काहीच नसणार होतं. मी रुमालाची घडी दातांत धरली. हे डोळे मिटून माझं मनगट आवळून बसले.

ती आली. हाताला पांढरी भुकटी चोळली. बार खांद्यावर घेतला, क्षणभर थांबली आणि वर ढकलला. डावा खांदा जरा डगमगला, मग सावरला. हात थरथरत होते. माझ्या दातांत रुमाल होता.

भोंगा वाजला.

लोक उभे राहून ओरडायला लागले. सर कडेला उड्या मारत हाताने "खाली, खाली" करत होते. ती ठेवीना. तोंड लाल झालेलं, आणि नजर रांगांमधून काहीतरी शोधत होती. मला आधी कळलंच नाही काय शोधतेय. नजर माझ्यापाशी येऊन थांबली, तेव्हा कळलं.

मी रुमाल काढला.

"ठेव आता," म्हटलं. जिन्याच्या दारात म्हणायचे, तेवढ्याच आवाजात. त्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार?

तिने ठेवलं.

वर तीन पांढरे दिवे लागले. ह्यांनी एक डोळा उघडला. "उचललं?"

"उचललं."

"आणि तू बोलतेयस? अगं, साडेचारच वाजलेत!"

मी डोळे पुसले आणि त्यांनाही रुमाल दिला.

सहावी आली ती. येत्या रविवारी घरी येतेय, कायमची म्हणते. काल फोनवर मी सांगितलं, पलंगावरचे तागे काढून ठेवते.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "मी आल्यावर उचलते. तू फक्त दारात उभी राहा."