ठिपक्यांचा मका

आमच्या आबांना भेसळ अजिबात खपत नाही. न्हावऱ्यात वीस वर्षं त्यांनी बियाण्याचे प्लॉट केले, आणि तपासणीला आलेल्या साहेबाला त्यांच्या रानात वेगळ्या जातीचं एकही ताट सापडलं नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात. म्हणून तर मी माझ्या पीएच.डी.चा मका त्यांच्या रानात लावला. चहूकडे ऊस आणि कांदा, दुसऱ्या मक्याचा पराग उडून यायची भीती नाही. "नीट सांभाळा," एवढंच सांगून मी पुण्याला गेले. काय सांभाळायचं ते सांगितलंच नाही. शहाणपणा माझाच.

कणसं वाळल्याचा फोन आला, तशी सकाळच्या एसटीनं मी घरी पोचले. आबांनी अंगणात पोतं ओतलं. सगळी कणसं पांढरीशुभ्र.

"बघ स्नेहल, एकबी ठिपक्याचा दाणा घावायचा न्हाई."

"ठिपक्यांची कणसं कुठंयत?"

"ती भेसळ व्हय? सोलली आन् म्हशीला घातली. चार दिस तेच आंबोण चाललंय."

मी ओरडले. बापाशी बोलू नये तसं बोलले. तीन वर्षं संकर करून ते ठिपके जमवले होते. ते गेले तर मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. आवाज ऐकून आई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"अगं, आजचं अजून घातलं न्हाई," ती म्हणाली. "बादलीत भिजतंय."

आम्ही तिघं बादलीभोवती बसलो. दाणे फुगले होते, पण जिवंत होते. आजच्या आज मातीत टोकले तर उगवले असते. कुठला दाणा कुठल्या कणसाचा हे आता कळणार नव्हतं, एक हंगाम वाया जाणार होता, पण सगळंच बुडालं नव्हतं. आबा मान खाली घालून ठिपक्यांचे दाणे निवडायला लागले.

"काय हाय गं त्या ठिपक्यात?"

राग गेला नव्हता, तरी सांगितलं. रंगाच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसतो, म्हणून दाणा पांढरा. मग ट्रान्सपोझेज नावाचं एन्झाइम येतं. ते तुकड्याची दोन्ही टोकं ओळखतं, जवळ आणून धरतं, मगच कापतं, आणि तुकडा दुसरीकडे नेऊन बसवतं. उघडी पडलेली जागा पेशी सांधून घेते. त्या पेशीत रंग परत येतो, तिच्यापासून झालेल्या पेशींतही उतरतो, आणि दाण्यावर जांभळा ठिपका दिसतो. लवकर घडलं तर मोठा, उशिरा घडलं तर बारीक. त्या एन्झाइमचा एक कोपरा बदलला तर ठिपके किती कमी होतात, हे मला मोजायचं होतं.

"म्हंजी दोन्ही टोकं हातात आल्याबिगर कापत न्हाई?"

"नाही."

आबा हातातला दाणा फिरवत म्हणाले, "लई शानं हाय की मग. मी इचारल्याबिगरच कापत सुटलो."

आई हसली, आणि माझा राग तिथंच संपला. इतका लाडका माणूस दुसरा नाही मला.

वीस वर्षांत भेसळ काढताना आबांनी कुणाचं ऐकलं नव्हतं. बांधावरून कुणी सुचवलं तरी त्याला हाकलून द्यायचे. आता चष्मा नाकावर ओढून एकेक दाणा माझ्यापुढं धरत होते.

"ह्यो ठेवू?"

"ठेवा."

"ह्यो?"

"ठेवा, आबा."

मग एक दाणा सबंध जांभळा निघाला, पांढऱ्याचा मागमूस नाही. सवयीनं म्हशीकडं भिरकावायला त्यांनी हात उचलला, आणि तसाच थांबवला.

मूठ माझ्यापुढं उघडून म्हणाले, "तू सांग."