सेराफिनच्या विहिरीची बिअर

“यात पाणी घातलंत?” गेनोवेफाबाईंनी विचारलं.

विल्चेकसाहेबांच्या हातात रिकामा काचेचा जग होता, आणि तो लपवावा असंही त्यांना वाटलं नव्हतं. कंपनीने दीड वर्षापूर्वी वॉर्सातून आमच्या गावच्या ब्रुअरीवर पाठवलेला हा व्यवस्थापक. वय तिशीचं, दाढी कोरलेली, तळघरातही पांढरे बूट. कौतुकाची वाट बघत असल्यासारखे ते म्हणाले, “एकच जग, काकू. आणि नळाचं नाही, विहिरीचं. मी स्वतः काढलं. आता रविवारी तुम्ही जे म्हणाल ते खोटं होणार नाही.”

गेनोवेफाबाईंनी खात्री करायला आणखी एक घोट घेतला, पण गिळला नाही. कोपऱ्यातल्या मोरीशी गेल्या, थुंकल्या, पाणी सोडून मोरी धुतली, आणि परत येऊन लाकडी पिंपावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“छत्तीस वर्षं मी या तळघरात आहे,” त्या म्हणाल्या. “इथं उंदीर पडलेला पाहिलाय, जुन्या मालकाचा मेहुणा पडलेला पाहिलाय. तयार बिअरमध्ये पाणी ओतणारा माणूस आज पहिल्यांदा बघतेय.”

मी तिथेच जिन्यावर उभा होतो. मी आमच्या गावच्या, स्तुजेन्काच्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, आणि रविवारच्या उत्सवाच्या मिरवणुकीत कुठलं गाणं कधी धरायचं ते ठरवायला शुक्रवारी सकाळी ब्रुअरीवर गेलो होतो. खरं सांगायचं तर मला हसू आलं. ते हसू का आलं, याची लाज मला पुढे वाटायची होती.

आमच्या गावाची सगळी पुण्याई एका विहिरीवर उभी आहे. कधीकाळी दुष्काळात ती आटली, तेव्हा सेराफिन नावाचा साधू तिच्या काठावर तीन दिवस प्रार्थना करत बसला आणि पाणी आलं. त्या पाण्याची, मोड आणून ओकच्या धुरावर सुकवलेल्या गव्हाची, फिकट, हलकी, फसफसणारी बिअर आम्ही करतो. दर जून महिन्यात धन्य सेराफिनच्या सणाला तिचं एक पिंप घोडागाडीतून चर्चच्या दारात येतं. दारात उभे राहून फादर विचारतात, “कुणाच्या विहिरीचं पाणी?” ब्रुअरीत सर्वांत जास्त वर्षं काम केलेला माणूस पिंपातून एक पेला काढतो, चाखतो आणि सांगतो, “सेराफिनच्या.” फादर विचारतात, “कुणाचे हात?” तो सांगतो, “आमचे.” मग फादर पिंपावर पवित्र पाणी शिंपडतात, मी गाणं धरतो आणि गाव आत जातं. एवढंच. ही दोन उत्तरं द्यायचा मान गेली चार वर्षं गेनोवेफाबाईंचा होता. त्यांच्याआधी तो कधी बाईमाणसाकडे गेला नव्हता.

आणि यंदाची गोष्ट अशी, की ब्रुअरीतली मोठी तांब्याची कढई ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून थंड पडली होती. पाइप बदलायचेत, दोन महिन्यांत सुरू करू, असं कंपनीने सांगितलं. मग दर मंगळवारी टँकर यायला लागला. दोनशे किलोमीटरवरच्या अवाढव्य कारखान्यात केलेली बिअर त्यातून यायची, आणि आमच्या बाया ती बाटल्यांत भरून वर चिठ्ठी डकवायच्या. चिठ्ठीवर मात्र तोच साधू, तीच विहीर. गावाला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. गावाने ते ठाऊक करून घेतलं नव्हतं. टँकर आला की आम्ही सगळे दुसऱ्या फुटपाथने जायचो.

राग कशाचा येतो, सांगू? परक्याने येऊन लुटलं तर माणूस दार लावून घेतो. पण परका जेव्हा तुमच्याच तोंडून, तुमच्याच देवळाच्या दारात, ‘लूट झालीच नाही’ असं वदवून घ्यायला बघतो, आणि वर त्याची सोय म्हणून एक जग पाणी ओतून देतो, तेव्हा काय लावून घ्यायचं?

विल्चेकसाहेबांनी शांतपणे समजावलं. पाण्यातले क्षार यंत्राने अगदी विहिरीसारखे जुळवलेत. धुराचा अर्क मोजून घातलाय. रविवारी कंपनीचे बडे लोक समुद्रापलीकडून येताहेत, त्यांना हा सोहळा बघायचाय. तो मनाला आला तर बाटल्या भरायचं काम इथेच राहील, साठ माणसांच्या चुली पेटत्या राहतील. शिवाय काकूंच्या निवृत्तीला आठच महिने उरलेत. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून उच्चारलं.

“अर्क,” गेनोवेफाबाई म्हणाल्या. एवढा एकच शब्द. आणि पिंपाचं बूच लावून टाकलं.

शनिवारी दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. त्यांची मुलगी आणि जावई सणासाठी बेल्जियमहून आले होते. जावई अर्काडियुश तिथे बांधकामावर गवंडी आहे, बोलायला फटकळ. तो पिशवीभर परदेशी बाटल्या घेऊन आला होता, सासूबाईंच्या जिभेला एकदा जग दाखवायचं म्हणून. राय नावाच्या धान्याचं आंबट सूप झालं, चरबी फासलेला पाव आणि खारवलेल्या काकड्या आल्या, आणि मग त्याने बाटल्या टेबलावर मांडल्या.

त्या जिभेबद्दल मी किती सांगू. गेनोवेफाबाई प्रत्येक घोट तोंडात फिरवून खिडकीबाहेर बघायच्या. चेक बिअर चाखून म्हणाल्या, नीट झाडलेल्या अंगणासारखी आहे. तिचा कडूपणा येतो, नमस्कार करतो आणि उठून जातो. आपली पोलिश झिव्हिएत्स मला प्रिय, त्या म्हणाल्या, पण हिच्यापुढे ती जरा गोडमिट्ट वाटते, काय करणार. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला केळ्यालवंगाचा वास येत होता. ज्यांना आवडते त्यांना आवडो, म्हणाल्या, मला पेल्यात फळवाला नको. आयर्लंडची काळी त्यांनी अर्धीच घेतली. आपला बाल्टिक पोर्टर हिवाळ्यात पितात, तो अंगावर ओढून घ्यावा असा जाड असतो, त्याच्यापुढे हिचा नुसता काळा कोट, आत अस्तर नाही. मग बांबेर्गची धुराची बिअर आली, आमच्या बिअरची जर्मन चुलत बहीण. ती त्यांनी दोनदा चाखली. धूर बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा, तोंडात हॅम ठेवल्यासारखा. “पोट भरलं हिच्यानं,” त्या म्हणाल्या. “आपल्या बिअरमधला धूर म्हणजे शेजारच्या खोलीत शेगडी पेटलीये, एवढंच कळायला हवं.”

शेवटी अर्काडियुशने एक जाड, गडद बाटली उघडली. गेनोवेफाबाईंनी घोट घेतला आणि त्या बराच वेळ खिडकीकडेच बघत राहिल्या. मग पेला संपवला. संबंध दुपारभरात संपवलेला तो एकच पेला.

“ही कोण करतं रे?”

“साधू करतात. मठातले.”

“मठातच?”

“भिंतीच्या आत. बाहेर केली तर त्यांना ते नाव लावताच येत नाही. नियम आहे त्यांचा.”

“मग होणारच चांगली,” गेनोवेफाबाई म्हणाल्या.

जावयाला चेव आला. “म्हणजे तुमची हरली की, आई. इतकी वर्षं ऐकतोय, स्तुजेन्कासारखी जगात नाही.”

“हरली तर हरली. आपल्या नावानं हरली तर मी उद्या आणखी चांगली करीन. दुसऱ्याची बिअर माझ्या नावानं जिंकली तर मी काय करू? आरती ओवाळू?”

मुलीने ताटं उचलली. मला वाटलं, आता आपण मोठेपणानं दोन शब्द सांगावेत. मी म्हणालो, गेनोवेफाबाई, साठ घरांचा प्रश्न आहे. तुम्ही दोन उत्तरं द्यायची, ती काही कोर्टातली साक्ष नव्हे. रीत आहे ती, शब्द ठरलेले आहेत, कुणी त्यांचा अर्थ काढत बसत नाही.

त्या माझ्याकडे वळल्या. उपवासकाळातल्या रविवारी दुपारी आमच्याकडे प्रभूच्या यातनांची विलापगीतं होतात. आधी गाणं, मग प्रवचन, मग पुन्हा गाणं, आणि प्रवचनात फादर गाण्यातलीच एकेक ओळ उलगडत जातात. माझ्या जिवाचा हा सगळ्यात आवडता तास. तीस वर्षं गेनोवेफाबाई डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसून गाताहेत. सूर नेहमी थोडा खाली, पण शब्द एकही गिळलेला नाही.

“लेओनार्दराव,” त्यांनी विचारलं, “तुम्ही तिथं वाजवता आणि आम्ही रडत गातो, तेव्हाही शब्द ठरलेलेच असतात ना? मग तेव्हा आपण खोटं गात असतो का?”

मी टोपी घेऊन घरी आलो.

रविवारी ऊन कडक होतं. ऑर्गनचा सज्जा आमच्याकडे मुख्य दाराच्या बरोबर वर आहे, आणि त्याची खिडकी पायऱ्यांवर उघडते. फादर बोगुमिल आणि गेनोवेफाबाई यांचे सवालजवाब ऐकूनच मी गाणं धरतो, म्हणून खिडकी सताड उघडी ठेवली होती. खाली गाडी आली, चार जणांनी पिंप उतरवून दारापुढच्या वीतभर उंच दगडी ओट्यावर उभं केलं. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर परदेशी पाहुणे बसले होते, त्यांच्या बाजूला विल्चेकसाहेब. गेनोवेफाबाई सणाच्या लोकरी स्कर्टात, जुन्या कामगारांचा निळा पट्टा खांद्यावर, पुढे आल्या. त्यांनी पेला भरला. तो नाकाशी नेला, आणि न चाखता बाजूला ओट्यावर ठेवला.

“कुणाच्या विहिरीचं पाणी?” फादरनी विचारलं.

माझी बोटं पट्ट्यांवर होती. गर्दीतलं कुणी खोकलं.

“मला माहीत नाही, फादर,” गेनोवेफाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्यांचे शब्द कधीच गिळलेले नसतात. “मंगळवारी टँकर येतो, त्यातून येतं. विहिरीचं एक जग शुक्रवारी ओतलंय यात. ते मी धरत नाही.”

विल्चेकसाहेब अर्धवट उठले. फादर बोगुमिल हे भित्रे गृहस्थ, चर्चच्या छपराला कंपनीनेच पत्रे दिलेले. मला वाटलं, आता ते काहीतरी पुटपुटतील आणि शिंपडून मोकळे होतील. पण त्यांनी गेनोवेफाबाईंकडे बघितलं आणि रीतीप्रमाणे दुसरा प्रश्न विचारला.

“कुणाचे हात?”

“माझे नाहीत. माझे असते तर पाणी पडलं नसतं.”

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. फादरनी वर उचललेला कुंचला परत पवित्र पाण्याच्या बादलीत ठेवला. “मग मी कशाला आशीर्वाद देऊ,” असं ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, आणि वळून आत गेले. मी गाणं धरलं नाही. लोक पिंपाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून गुपचूप आत यायला लागले.

बाटल्या भरणारी बोझेना गेनोवेफाबाईंपाशी थांबली. तिला तीन मुलं आहेत आणि नवरा जर्मनीत शतावरीच्या शेतांवर मजुरीला जातो. “तुमचं आठ महिन्यांत आटोपलं असतं, काकू,” ती म्हणाली. “आमचं काय?”

“माहीत आहे गं.”

“माहीत असून बोललात.”

“हो.”

बोझेना आत गेली. तिसऱ्या बाकावर त्या दिवशी गेनोवेफाबाई एकट्याच बसल्या. दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या राहिल्या, आणि मागे दाटीने लोक उभे होते. मिस्सा, म्हणजे सणाची उपासना, नेहमीसारखी झाली. त्यांचा आवाज मला वर ऐकू येत होता, थोडा खाली, प्रत्येक शब्द स्पष्ट. हे मी रागाने लिहितो आहे. ज्या गावाने त्या विहिरीचं पाणी पिऊन चारशे वर्षं मोठेपणा मिरवला, त्या गावातल्या एकाही पुरुषाला, मी धरून, सरकून त्या बाईच्या शेजारी बसता आलं नाही. टँकरबद्दल गप्प राहणारे आम्ही सगळे त्या दिवशी तिच्यावर रुसलो होतो.

मिस्सा संपली. पाहुण्यांच्या मोटारी केव्हाच गेल्या होत्या. मी ऑर्गनचं झाकण लावलं आणि खिडकी ओढायला गेलो, तेव्हा गेनोवेफाबाई शेवटी एकट्या बाहेर येत होत्या. पायरीशी विल्चेकसाहेब थांबलेले होते. त्यांनी हात पुढे केला. गेनोवेफाबाईंनी स्कर्टच्या खिशातून तळघराची किल्ली काढली, दोऱ्यातून सोडवली, दोरा स्वतःकडे ठेवला आणि किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली. ते मोटारीत बसून गेले.

अंगण रिकामं झालं. पिंप ओट्यावर भर उन्हात तापत होतं, आतली बिअर नासेल असं. आशीर्वाद नसलेलं म्हणून चर्चवाले त्याला हात लावत नव्हते, आणि लोक बघतील म्हणून कंपनीची माणसंही. बूच सैल झालं होतं, बाजूने फेस ओघळत होता, माश्या जमल्या होत्या.

गेनोवेफाबाई चार पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. परत आल्या. पिंप एका काठावर तिरकं केलं, आणि त्याच काठावर गोल गोल फिरवत, वयाच्या साठीत, भरलेलं पिंप उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीत नेऊन उभं केलं. तळहाताने बूच दोनदा ठोकून बसवलं. वाकून कान लावला, फसफस निसटत नाही ना ते ऐकलं. मग हात स्कर्टला पुसले आणि घराच्या वाटेला लागल्या.